पौर्णिमेच्या गोळ्या

आमच्या घरात देवावर रागवायची पद्धत नव्हती. रागवायचं ते माणसांवर. त्यामुळे लग्नाला बरीच वर्षं होऊनही कूस उजवेना तेव्हा मी नवऱ्यावर रागावले, सालवडच्या आमच्या कोंदट खोल्यांवर रागावले, वारा फिरला की एमआयडीसीतून येणाऱ्या उग्र वासावरही रागावले, पण देवीवर मात्र कधी नाही, असंच मी समजत होते. आता साठी उलटल्यावर लिहायला बसले तर वाटतं, सगळ्यात जास्त राग तिच्यावरच होता. तोंडाने आरती म्हणायची आणि मनात एकच प्रश्न, तुला ऐकू येत नाही का गं? तो प्रश्न मी कुणाला बोलून दाखवला नाही. सासूबाईंना तर नाहीच नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. हे तारापूरच्या एका कापडाच्या कारखान्यात लागले आणि आम्ही बोईसरजवळ सालवडला बिऱ्हाड केलं. एकोणीसशे ऐंशीच्या पुढची ती वर्षं. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. बाई कडक, सोवळ्याओवळ्याला पक्क्या. माझे ते चार दिवस आले की मी कोपऱ्यातल्या सतरंजीवर, आणि देव्हाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. पण मनाने मऊ. गावाकडून कुणी सुचवायला आलं की पोराचं दुसरं बघा, तर त्या चहा न विचारता त्याला वाटेला लावायच्या. एकदा त्यांच्या सख्ख्या दिराला म्हणाल्या, "सून माजी हाय. तुमाला मागितली हुती का सल्लामसलत?" त्या दिवशी मी आत स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून हसले आणि मग रडले. अशी सासू मिळायला भाग्य लागतं, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पुढचं सगळं वाचताना हे कुणी विसरू नये.

यांची तपासणी एकदा झाली, त्यात काही निघालं नाही. मग माझा नंबर. पालघरला एक डॉक्टरीणबाई होत्या, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. म्हणाल्या, डोक्यात एक छोटी ग्रंथी असते, ती बीजकोशांना हुकूम पाठवते, आणि तो हुकूम किती जोरात जातोय हे रक्तात दिसतं. म्हणून पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त द्यायचं. त्या काळी ही तपासणी पालघरला होत नसे. लॅबमधला माणूस दंडाला रबरी नळी आवळून रक्त घ्यायचा, आत कुठेतरी ते यंत्रात फिरवायचा आणि वरचं पिवळसर पाणी लहानशा बाटलीत भरून, बर्फाच्या थर्मासात घालून, गाडीने मुंबईला पाठवायचा. थर्मास आमच्या घरी चहाचा होता तसाच होता, निळ्या झाकणाचा. माझं आई होणं-न होणं त्या थर्मासात बसून मुंबईला चाललंय असं वाटायचं आणि मी मनातल्या मनात त्याला हात जोडायची.

त्याच सुमाराला सासूबाईंनी नवस बोलला. डहाणूच्या महालक्ष्मीला वर्षभर दर पौर्णिमेला सुनेने येऊन ओटी भरायची, एकही पौर्णिमा चुकवायची नाही. ही देवी पूर्वी वर गडावरच होती. एका गरोदर बाईला चढण चढवेना, घेरी येऊन पडली, तेव्हा तिला एवढा त्रास नको म्हणून देवीच खाली पायथ्याशी आली, असं तिकडचे लोक सांगतात. ही कथा ऐकून सासूबाईंचे डोळे भरून आले होते. "पोटुशीसाठी खाली उतरली बघ ती," त्या म्हणाल्या, "आपलं ऐकंलच."

पण झालं असं, की माझी पाळी आणि पौर्णिमा यांनी एकमेकींचा हातच धरला. पहिल्याच पौर्णिमेला दोन्ही एकदम यायची चिन्हं दिसली आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. त्यावर उपाय घराघरात होता, अजूनही आहे. सासूबाई बोईसरच्या मेडिकलमध्ये गेल्या आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन आल्या. सत्यनारायण असो, लग्न असो, गौरी असोत, बायका त्या घेतात. गणपतीच्या दिवसांत तर तो मेडिकलवाला बाई दुकानाची पायरी चढली की न विचारता पाकीट काढून ठेवायचा. सासूबाई गोळ्या आणायच्या, आधी देव्हाऱ्यापुढे ठेवायच्या, हळदीकुंकू वाहायच्या आणि मग मला द्यायच्या. पौर्णिमेच्या आधी काही दिवस मी त्या सुरू करायची. दर्शन झालं की बंद. मग दोन-तीन दिवसांनी पाळी यायची आणि तिच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टरीणबाईंनी बोलावलं असेल त्या महिन्यात, मी पालघरला जाऊन दंड पुढे करायची. इतकं सगळं नीट जुळून येतंय म्हणून आम्हाला उलट आनंदच व्हायचा. आधी देवीचं दर्शन, मग रक्त. शकुनच म्हणायचा.

रिपोर्ट आला की डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. हुकूमच मंद आहे, त्या म्हणायच्या. मग त्या मला बीज तयार व्हायची औषधं द्यायच्या, काही महिने वाट पाहायला सांगायच्या, मग पुन्हा रक्त, पुन्हा तोच मंद हुकूम. दर खेपेला त्या विचारायच्या, "दुसरी काही औषधं, गोळ्या चालू आहेत का?" आणि दर खेपेला मी आणि शेजारी बसलेल्या सासूबाई एका सुरात सांगायचो, "नाही." आम्ही खोटं बोलत नव्हतो हो. ती औषधं आहेत हे आमच्या डोक्यातच नव्हतं. औषध आजाराला घेतात. ह्या गोळ्या तर देवीसाठी होत्या.

नवसाचं एक वर्ष सरलं. काही झालं नाही. सासूबाईंनी वर्ष वाढवून मागितलं. तेही सरत आलं, मग आणखी. शेजारची भाभी, उत्तर प्रदेशातली, तिची तीन मुलं ओट्यावर खेळायची. ती सहज विचारायची, "दीदी, खुशखबरी कब सुनाओगी?" तिच्या मनात काही नसायचं. पण मी नळावर जायची वेळ बदलली. तिशी मागे पडली होती आणि पाळीत पूर्वीपेक्षा रक्त कमी जायला लागलं होतं. ते मी गोळ्यांमुळे असेल म्हणून सोडून दिलं.

मग ती माघी पौर्णिमा आली. चैत्रातल्या जत्रेसारखी गर्दी नव्हती. एसटीने चारोटी नाक्यापर्यंत, तिथून मिळेल त्या गाडीने आम्ही दोघी देवळापाशी उतरलो. खण, नारळ, तांदूळ, सगळं पिशवीत. हातपाय धुवायला म्हणून बाजूला गेले आणि कळलं, गोळ्या चालू असूनही लागलं आहे. असं याआधी कधी झालं नव्हतं. सासूबाईंना खूण केली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली, तीही माझ्या बोटांना बोट लागणार नाही अशी, आणि एकट्याच आत गेल्या. मी आवाराच्या कडेला चिंचेखाली जाऊन बसले. सगळ्या पौर्णिमा फुकट गेल्या, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि तेव्हा पहिल्यांदा मी उघड उघड देवीला म्हटलं, आता पुरे.

चिंचेखाली एक आदिवासी बाई बोरं विकायला बसली होती. माझ्याच वयाची असेल किंवा जरा मोठी. गुडघ्यापर्यंतचं घट्ट लुगडं, गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"भायेर का बसलीस गो बाय? सासू तं आत गेली."

"अडचण आहे," मी म्हटलं.

"कसली?"

मी सांगितलं. रडवेली झाले होते, त्यामुळे जे कुणाला सांगायचं नाही ते सगळं तिला सांगून मोकळी झाले. नवस, दर पौर्णिमा, गोळ्या, आज सगळ्यावर पाणी पडलं ते. ती बोरं निवडता निवडता ऐकत होती. मग हसली. टिंगल करणारं हसू नव्हतं ते, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसं होतं.

"मंग काय जाला? ती काय बाप्या हाय? ती पन बायच हाय ना." आणि थोडं थांबून म्हणाली, "तवढ्या गोल्या खाल्ल्यास. देवीनी मांगल्या व्हत्या?"

ती उठली, हात पुसले आणि माझा हात धरला. "चल. मी नेतंय तुला."

तिचा हात खरखरीत होता आणि ऊबदार. मी दोन पावलं गेलेही. मग समोर देवळाची पायरी दिसली आणि मी हात सोडवून घेतला. नको, म्हटलं, पाप लागेल. तिने आग्रह केला नाही. एकटीच आत गेली आणि परत आली ती बोटावर कुंकू घेऊन. माझ्या कपाळाला लावलं, वर पदराने नाकावर सांडलेलं पुसलंही. म्हणाली, "आमी नाय बसत भायेर. तिला सांगलाय मी, तू भायेर बसलीस म्हनून." आणि पुन्हा आपल्या बोरांपाशी जाऊन बसली. सासूबाई बाहेर आल्या, आम्ही निघालो. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. बोरंसुद्धा घेतली नाहीत. आजही ते आठवलं की चुटपुट लागते.

घरी आल्यावर तिचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. देवीने मागितल्या होत्या का? भाकरी थापताना तोच, कपडे पिळताना तोच. पुढच्या खेपेला पालघरला गेले आणि डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "दुसऱ्या काही गोळ्या?" सासूबाई नेहमीसारखं नाही म्हणाल्या. मी म्हटलं, "औषध नाही काही. देवीला जायचं म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या घेते तेवढ्या. पण त्या देवीने मागितलेल्या नाहीत, आमच्याच मनाच्या आहेत." का तसं बोलले, मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"दर महिन्याला?" त्यांनी विचारलं. "आधीची सगळी रक्तं दिलीत तेव्हाही?"

मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, की ह्या गोळ्यांनी तो डोक्यातला हुकूम दाबला जातो, आणि आपण इतके दिवस दाबलेला हुकूमच मोजत बसलो. काही महिने एकही गोळी घेऊ नका, मग बघू. सासूबाईंचा हात मांडीवरच्या पिशवीवर होता. त्या पिशवीत त्या दिवशी बोईसरहून येताना घेतलेलं पाकीट होतं. पौर्णिमा जवळ आली होती.

ते पाकीट त्यांनी कधी फोडलं नाही. त्या रात्री मी त्यांना चिंचेखालच्या बोरंवालीचं सगळं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. पुढच्या पौर्णिमेला मी घरी बसले आणि त्या एकट्या देवीला गेल्या. त्यांनी नवस मोडला, माझ्या रक्तासाठी. जिने आयुष्यात एक एकादशी चुकवली नाही तिला ते किती जड गेलं असेल. परत आल्यावर म्हणाल्या, त्या बोरंवालीला शोधलं, सापडली नाही. चिंचेखालच्या दुसऱ्या बायकांना विचारलं, त्यांनाही तशी कुणी माहीत नव्हती. "तीच हुती ती," सासूबाई म्हणाल्या. मी त्यावर कधी वाद घातला नाही. बोरांचा हंगाम संपला होता, हे मलाही दिसत होतं आणि त्यांनाही. पण ती कुणीही असो, आमच्या घरात ज्या गोष्टीबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं ती तिने विचारली, एवढं खरं.

स्वच्छ रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पालघरला आम्ही दोघीच गेलो होतो, यांची दिवसपाळी होती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच चित्र काढलं. या वेळी म्हणाल्या, हुकूम मंद नाही. उलट फार जोरात आहे. ग्रंथी ओरडून सांगतेय, पण पलीकडून उत्तर येत नाही. बीजकोश थकत चाललेत, काही बायकांचे फार लवकर थकतात. आता औषधाने फारसं काही होईल असं त्यांना वाटत नव्हतं. मी विचारलं, "आधी कळलं असतं तर?" त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "कदाचित. तेव्हा थोडा वेळ हातात होता. पण नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

कदाचित. हा शब्द मी घेऊन बाहेर पडले आणि तो अजून माझ्याजवळ आहे. एखादं दार बंद होतं असं स्पष्ट कळलं तर माणूस पाठ फिरवून चालू लागतं. पण त्या वर्षांत ते किलकिलं असेल आणि आम्ही दोघी त्याच्यासमोर बसून, हळदीकुंकू वाहून, इतक्या भक्तीने ते ओढून घेत होतो. कुणाला दोष देऊ? मेडिकलवाल्याने विकल्या, सासूबाईंनी आणल्या, मी गिळल्या, आणि सगळ्यांच्या मनात चांगलंच होतं.

स्टेशनात बाकड्यावर बसलो. गाडीला वेळ होता. सासूबाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "गोळ्या मीच आणायची."

"आणि मी खायची, आई," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदराआडून हात पुढे केला आणि माझा हात कोपराजवळ धरला. रक्त घेतलं होतं त्या जागी अजून काळं-निळं होतं, तिथे अंगठा फिरवत राहिल्या. बोईसर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

त्या महिन्यात पाळी आली ती नेमकी पौर्णिमेला. मी सवयीने कोपऱ्यातली सतरंजी अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिन्हीसांज झाली. सासूबाई देव्हाऱ्यापाशी गेल्या, वात वळली, तेल घातलं. काडी ओढल्याचा आवाज काही येईना. मी वळून पाहिलं तर त्या काडेपेटी हातात घेऊन माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "दिवा लाव."

मला वाटलं त्या विसरल्या. म्हटलं, "आई, मी बसलेय."

"ठावं हाय." इतकी वर्षं पाळलेलं मोडताना बाई आतून हलली होती, आणि तरी पुढे आली. माझा हात धरून मला उठवलं. "ती काय बाप्या हाय?" त्या बोरंवालीचा शब्द साताऱ्याकडच्या त्यांच्या तोंडात वेडावाकडा वाटत होता. हसू आलं आणि त्याच्यामागून रडू. मी काडी ओढली. त्यांनी माझ्या हाताला हात लावला आणि दिवा लागला. आम्ही दोघी तिथेच खाली बसलो. देवीपुढे काही मागितलं नाही. मागायला आता काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत तिच्यापुढे मी पहिल्यांदाच नुसती बसले.

त्यानंतर मी कधी कोपऱ्यात बसले नाही. पण तेही फार दिवस चाललं नाही. चाळिशी गाठायच्या आधीच पाळी विरळ होत गेली. एकदा दोन महिने आली नाही तेव्हा सासूबाईंनी आशेने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मीही वेड्यासारखी पालघरला जाऊन तपासून आले. तसं काही नव्हतं. ती थांबली होती. जिला मी दर पौर्णिमेला आज नको, उद्या ये म्हणत होते, तिची मी त्या वर्षी वाट पाहिली.

सासूबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात त्या माझ्याच हातचं पाणी घ्यायच्या. ह्यांनी आणलेलं नको म्हणायच्या, हेही त्यावर लटके रागवायचे. मला मूल झालं नाही. ते दुःख देवीने काढून घेतलं असं मी म्हणणार नाही, ते आहे. पण ते एकटीने वाहायला लागलं नाही, याबद्दल मी तिचे पाय धरते. त्या चिंचेखाली तिने कुणाच्या तरी हाताने माझा हात धरला होता, आणि मी सोडवून घेतला. मग तिने सासूबाईंच्या हाताने धरला, तेव्हा मात्र मी गेले.

अजूनही तिन्हीसांजेला दिवा लावताना वाटतं, सगळे नवस, सगळ्या पौर्णिमा यांत तिला माझं सोवळं नको होतं. ती पायथ्याशी उतरून बसली होती, जशी असशील तशी ये म्हणत. मीच तिला सांगत राहिले, थांब, अजून थोडे दिवस थांब.